पोलिसांनी उचलून नेलं, आता काय? खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जामिनाची कागदं, सगळं टाइप करून देतो. वकील नाही मी. पण रात्री-अपरात्री जे फोन येतात ते बहुतेक एकाच गोष्टीसाठी, "पोलीस घेऊन गेले". तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच लिहून काढलंय. कलमं नवीन कायद्याची दिलीत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, खाली तिला नुसतं "संहिता" म्हणतो. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून सीआरपीसीच (आधीचा फौजदारी प्रक्रिया कायदा) आहे, म्हणून कुठे कुठे जुना नंबरपण टाकलाय.

१. "मना आंडोरले पोलीस लई ग्यात, कोठे ठेवेल शे कोणी सांगत नही. आते काय करू?" (माझ्या मुलाला पोलीस घेऊन गेले, कुठे ठेवलंय कोणी सांगत नाही, आता काय करू?)

माय, आधी घड्याळ बघ आणि नेल्याची वेळ लिहून ठेव. किती वाजता नेलं, कुठून नेलं, किती जण होते, वर्दीत की साध्या कपड्यात, गाडीचा नंबर काय, कोणी कोणी बघितलं. पुढचं सगळं भांडण ह्या वेळेवर चालतं, कारण कागदावर अटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळची दाखवलेली असते आणि पोराला तर आदल्या रात्री ताटावरून उठवून नेलेलं असतं.

मग गावच्या पोलीस पाटलाला विचारा, बऱ्याचदा त्याला माहीत असतं. तालुक्याच्या स्टेशनला नसेल तर एलसीबीला, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेला विचारा, साध्या कपड्यातले असले की बहुतेक तेच असतात नाहीतर स्टेशनचं डीबी (गुन्हे शोध) पथक. संहितेचं कलम ३७ सांगतं की अटक केलेल्यांची नावं-पत्ते प्रत्येक स्टेशनला आणि जिल्ह्याच्या मुख्यालयाला दिसतील असे लावायचे आणि त्यासाठी एएसआयच्या खालचा नाही असा अधिकारी नेमायचा. त्या अधिकाऱ्याचं नाव विचारा. ११२ ला फोन केला तर त्या कॉलची नोंद राहते, तेवढंही पुढे कामाला येतं.

आणि एसपी ऑफिसला चार ओळींचा ईमेल टाकाच. पूर्वी वकील लोक अशा वेळी तार करायचे, तारेवर वेळ पडायची आणि कोर्टात ती तार बोलायची. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. आता तेच काम ईमेल करतो, आणि तो फुकटात जातो.

२. "अटक नाही केली, नुसतं चौकशीला बसवलंय" असं सांगतात. असं किती वेळ बसवू शकतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कायद्यात "बसवून ठेवणं" नावाचा प्रकारच नाही. माणूस एकतर स्वतःच्या मर्जीने आलेला असतो, म्हणजे उठून घरी जाऊ शकतो, नाहीतर तो अटकेत असतो. उठून जाऊ देत नसतील तर त्याला अटकच म्हणायचं, रजिस्टरला काहीही लिहिलेलं असो, आणि चोवीस तासांचं घड्याळ तिथून सुरू (प्रश्न ३).

आरोपी म्हणून हजर राहायला सांगायचं असेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस लागते, जुनी ४१-अ. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९, तेही लेखीच. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी कारणं लिहा, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. फोनवर "जरा ये रे स्टेशनला" म्हटलं तर नम्रपणे नोटीस मागा. फोनवरच मागताना आवाज बारीक होतो सगळ्यांचा, माझाही झाला असता, म्हणून मेसेज टाका, "साहेब, नोटीस पाठवा, लगेच येतो". आणि नोटीस आली की मात्र जाच, गेला नाहीत तर त्याच कारणाने अटक करता येते.

३. चोवीस तास कुठून मोजायचे? मध्ये रविवार आला तर?

हातात बेडी पडली तिथून किंवा जाऊ देणं बंद केलं तिथून. स्टेशन डायरीला नोंद झाली तिथून नाही. राज्यघटनेचं कलम २२(२) आणि संहितेचं ५८ (जुनं ५७), दोन्हीत एकच गोष्ट आहे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. फक्त प्रवासाला लागलेला वेळ वगळायचा. मोलगीहून अक्कलकुव्याच्या कोर्टाला आणायचं तर घाटातले तास सोडून द्या, पण त्या नावाखाली अख्खा दिवस खाता येत नाही. रविवार, दिवाळी, पोळा, काहीही असो, सुट्टीच्या दिवशी रिमांड ड्यूटीचे मॅजिस्ट्रेट असतात, त्यांच्या बंगल्यावरसुद्धा हजर करतात. "उद्या कोर्ट बंद आहे म्हणून परवा" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

४. दोन दिवस झाले. स्टेशनवाले म्हणतात असा माणूस आमच्याकडे नाहीच.

दोन रस्ते आहेत आणि पहिला लोकांना माहीतच नसतो. संहितेचं कलम १०० (जुनं ९७): कुणाला बेकायदेशीर डांबून ठेवलंय असं वाटायला कारण असेल तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट सर्च वॉरंट काढू शकतात आणि सापडला की माणसाला समोर आणावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणीच होणारं काम आहे, औरंगाबादपर्यंत जायची गरज नाही. अर्जात वेळ, साक्षीदार, ११२ चा कॉल, ईमेलची प्रिंट, सगळं जोडायचं.

दुसरा म्हणजे हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरण, हेबियस कॉर्पस. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. माझा अनुभव असा की तिथे अर्ज पडतोय एवढी कुणकुण लागली तरी बरेचदा माणूस त्याच रात्री "मिळून" येतो. मग अटकेची तारीख नवी लागते, म्हणून प्रश्न १ मधली वेळ परत परत सांगतोय.

५. अटक केली तर आम्हाला कोणकोणते कागद मिळायला पाहिजे?

अटकेचा पंचनामा, म्हणजे अरेस्ट मेमो. त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही (कलम ३६). अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट पाहिजे. नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायचं आणि कळवलं ते स्टेशनच्या वहीत लिहायचं (कलम ४८), आणि हे पाळलं की नाही ते बघणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे. हे सगळं मुळात १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं. पश्चिम बंगालमधून सुप्रीम कोर्टाला गेलेलं एक पत्रच याचिका म्हणून घेतलं होतं कोर्टाने.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, अटकेची कारणं लेखी. "३०३ मध्ये (चोरीचं कलम) घेतलंय" एवढं पुरत नाही, ह्याच माणसाला का घेतलं ते लिहिलेलं पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुठलाही गुन्हा असो कारणं लेखी द्या, त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्या, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करायच्या निदान दोन तास आधी द्या.

आपल्याकडे ह्या भाषेच्या मुद्द्याला फार वजन आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरी बोलणारा माणूस, शाळेत गेलेला नाही, त्याच्या हातात सरकारी मराठीत छापलेला कागद देऊन अंगठा घ्यायचा, ह्याला "कळवलं" म्हणत नाहीत. मराठी तरी कुठली, "सदर इसमास नमूद गुन्ह्याचे कामी", हे मला रोज टाइप करून करून कळायला लागलंय. वकिलांनी हा मुद्दा पहिल्या रिमांडलाच घ्यायचा.

६. वकील लॉकअपमध्ये भेटू शकतो का? आम्हाला डबा देता येतो का?

वकील भेटू शकतो, चौकशी चालू असतानाही, पण पूर्ण वेळ बाजूला बसून नाही (कलम ३८). वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडून फुकट मिळतो, १५१०० ला फोन करा. अटकेत असलेल्याला उत्पन्नाची अट नाही, बाईला नाही, आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या माणसालाही नाही. डबा, औषधं, गोळ्या ठाणे अंमलदाराला विचारून द्या आणि शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीची झेरॉक्स बरोबर द्या. आरोपीच्या तब्येतीची काळजी घेणं हे ज्याच्या ताब्यात आहे त्याचं कर्तव्य, कलम ५६.

७. आत मारलंय. कोर्टात सांगू का? "सांगितलंस तर परत आमच्याकडेच यायचंय" म्हणालेत.

सांगा. पहिल्याच वेळी सांगा. मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आणि मागे जो हवालदार उभा असतो तो त्याच वेळी घसा खाकरतो. आमच्या टेबलाशी एकदा एक पोरगा जामीन झाल्यावर आला होता, केळीच्या मळ्यातल्या मोटारीची केबल चोरल्याचा आळ होता, तळवे इतके सुजलेले की पेन धरता येईना, मी म्हटलं सही कशी करशील तर अंगठा दिला. कोर्टात काय सांगितलं विचारलं तर म्हणे "तक्रार नाही". चार दिवसांची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली होती आणि मार त्याच्यानंतरचा होता.

मॅजिस्ट्रेटला सांगितलं की त्यांना ते रोजनाम्यात लिहावं लागतं आणि मेडिकलचा हुकूम करता येतो, पीसीआरऐवजी एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, देता येते. काय सांगायचं ते नेमकं सांगा. "मारलं" एवढं नको. कुणी, कशाने, अंगावर कुठे, किती वाजता, दुसरं कोण होतं. नाव माहीत नसेल तर "बघून ओळखेन" म्हणा. तोंडाने बोलायची हिंमत होत नसेल तर वकिलाकडून लेखी अर्ज द्या. पीसीआर वाढवायला आरोपीला दर वेळी मॅजिस्ट्रेटसमोर प्रत्यक्ष आणावंच लागतं, व्हिडिओवर भागत नाही (कलम १८७(४)), म्हणजे पुन्हा मारलं तर पुन्हा सांगायची संधी मिळते.

कबुलीसाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता (आयपीसीच्या जागी आलेली, वरच्या "संहिते"पेक्षा वेगळी) कलम १२०, जुनं ३३० आणि ३३१. साधी दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा. आणि गंमत बघा, त्या कलमाखाली कायद्यानेच जे पहिलं उदाहरण दिलंय ते कबुलीसाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचंच आहे. १८६० पासून तेच छापलं जातंय.

८. मेडिकल झालं पण डॉक्टरने "जखम नाही, फिट" लिहून दिलं.

अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी आणि तिची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला, हे कलम ५३ मध्ये आहे. प्रत मागा, कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही. डी. के. बसूप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणी पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयात काय होतं की डॉक्टरपुढे शंभर पेशंटची ओपीडी असते, पोलीस बाजूला उभा, डॉक्टर वर न बघता विचारतो "काही त्रास?" आणि लिहून टाकतो. शर्ट काढा. तळवे आणि पाठ दाखवा. पोलिसाला बाहेर थांबायला सांगा असं डॉक्टरला म्हणा. तरी नाही लिहिलं तर कोर्टात दुसऱ्या डॉक्टरकडून, जिल्ह्याच्या सिव्हिलला, तपासणीचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी द्या, निळे डाग आठवडाभरात पिवळे पडून जातात. जामिनावर सुटला असेल तर सरळ सिव्हिलला जाऊन एमएलसी (पोलीस केस म्हणून मेडिकल नोंद) करून घ्या, फोटो काढा, अंगावरचे कपडे धुवू नका.

९. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. आता गुन्हा कबूल झाला का?

नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम २३, आधी २५ आणि २६ होतं. शिवाय पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. मग सह्या कशाला घेतात? पंचनाम्यांसाठी. आणि एक खिडकी उघडी आहे, तिला आपल्याकडे जुन्या कलम २७ वरून अजून "सत्तावीसचा पंचनामा" म्हणतात: आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. मारामारी बहुतेक वेळा ह्याच्यासाठी होते. मोटरसायकल "काढून" द्यायची असते.

म्हणून सह्या घेतल्याचं पहिल्या रिमांडला सांगा, किती कागद, कोरे की लिहिलेले. मॅजिस्ट्रेटसमोरचा कबुलीजबाब (कलम १८३) ही वेगळी गोष्ट, तो पुरावा होतो. तिथे साहेब आधी बजावतात की बोलायची सक्ती नाही, आणि द्यायचा नाही म्हटलं तर परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. एवढं माहीत असलं तरी माणसाच्या पायाखाली जमीन येते.

१०. स्टेशनला सीसीटीव्ही असतो ना? ते फुटेज मिळेल का?

असायलाच पाहिजे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गेट, लॉकअप, कॉरिडॉर, अधिकाऱ्यांच्या खोल्या, कुठलाच कोपरा सुटता कामा नये, आवाजही रेकॉर्ड झाला पाहिजे आणि फुटेज अठरा महिने ठेवायचं, निदान एक वर्ष तरी. प्रत्यक्षात "कॅमेरा बंद होता" हे वाक्य आम्ही इतक्यांदा टाइप केलंय की माझ्या की-बोर्डला पाठ झालं असेल.

वाट बघू नका. पहिल्या आठवड्यातच दोन कागद टाका, एक कोर्टात "अमुक तारखेचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा" असा अर्ज, दुसरा माहिती अधिकाराचा. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची असते, ते अर्जात ठळक लिहा. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीचा, पेट्रोल पंपाचा कॅमेरापण बघा, कधी कधी तोच खरा निघतो.

११. पोलीस कोठडी जास्तीत जास्त पंधरा दिवस ना? मग महिन्याने परत कशी मागितली?

जुन्या कायद्यात पहिल्या पंधरा दिवसांतच पीसीआर मिळायची, नंतर नाही. नव्या कलम १८७ मध्ये एकूण पंधराच दिवस आहेत पण ते तुकड्या-तुकड्याने पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. त्यामुळे जेलमध्ये गेला म्हणजे मार संपला असं आता नाही राहिलं. माझं मत विचाराल तर हा बदल आरोपीला जड आहे. साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मात्र तसाच आहे.

१२. मुलगा फरार आहे म्हणून म्हाताऱ्या बापाला आणि सुनेला आणून बसवलंय. हे चालतं का?

अजिबात नाही. कुणाच्या बदल्यात कुणाला ओलीस ठेवायचा अधिकार कुठल्याच कायद्यात नाही. आपल्याकडे तर ही जुनी पद्धतच झालीय, पारध्यांच्या वस्तीवर विचारा, भिलाटीत विचारा. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते ते सगळ्यांना माहीत आहे.

नातेवाईकाकडून माहिती काढायला माणूस डांबणं हा न्याय संहितेच्या कलम १२७(८) चा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. साक्षीदार म्हणूनसुद्धा बाईला, साठीच्या पुढच्या माणसाला, पंधराच्या आतल्या पोराला, अपंगाला किंवा खूप आजारी असलेल्याला स्टेशनला बोलवायचं नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं (कलम १७९). आणि बाप आरोपी असला तरी, वय साठच्या वर आणि गुन्हा तीन वर्षांच्या आतला असेल तर डीवायएसपीच्या परवानगीशिवाय अटक नाही, कलम ३५(७).

१३. बाईला रात्री नेऊ शकतात का?

सूर्यास्त ते सूर्योदय नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. झडती बाईनेच, तपासणी शक्यतो महिला डॉक्टरकडून. बायकांचं लॉकअप वेगळं पाहिजे, हे शीला बर्से यांच्या याचिकेवर १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रालाच सांगितलेलं आहे.

१४. पोरगा सोळा वर्षांचा आहे, पण पोलीस म्हणतात एकोणीसचा दिसतो.

शाळेचा दाखला घेऊन पळा. अठराच्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम १०. त्याला बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर. ऊसतोडीला, कापूस वेचायला गेलेल्या घरातली पोरं शाळेतून सुटलेली असतात, दाखला मिळत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीची जन्मनोंद चालते. तीही नसली तर वयाची वैद्यकीय तपासणी मागा.

१५. बेड्या घालून भर बाजारातून धिंड काढली. लोकांनी रिल्स पण बनवल्या.

काही लोकांना हे आवडतं, टाळ्या वाजवतात, ते दिसतंच. पण कायदा वेगळं म्हणतो. बेड्या कधी घालायच्या ते कलम ४३(३) मध्ये ठरवून दिलंय, सराईत, पळालेला, खून-बलात्कार-ॲसिड हल्ल्यासारखे गुन्हे वगैरे. बाजारातून फिरवायचं कुठेच नाही. महाराष्ट्रातलंच एक प्रकरण, रविकांत पाटील यांचं, कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्यातून फिरवलं म्हणून हायकोर्टाने दहा हजारांची भरपाई दिली आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. व्हिडिओ डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा.

१६. गणपती-शिवजयंतीच्या आधी दरवर्षी उचलतात, गुन्हा काहीच नसतो.

तो प्रतिबंधक अटकेचा प्रकार, कलम १७० (जुनं १५१), आणि चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायचा बाँड लिहून घ्यायची केस. दखलपात्र गुन्हा होणारच आहे आणि दुसऱ्या मार्गाने थांबवता येत नाही असं दिसलं तरच, आणि तेही साधारण चोवीस तास. मारायचा, बसवायचा परवाना नाही. कागदांचा हक्क इथेही आहे, प्रश्न ५ बघा. तडीपारी आणि एमपीडीए (धोकादायक ठरवून स्थानबद्ध करायचा कायदा) ही वेगळी भानगड, तिथे थेट वकील गाठा.

१७. गुजरात पोलीस आले आणि पोराला सुरतला घेऊन गेले. आपल्या स्टेशनला माहीतच नाही म्हणे.

सुरतच्या उधना-लिंबायतला निम्मा खान्देश राहतो, त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला असतोच. परराज्यातून आलेल्या पोलिसांनाही चोवीस तासांचा नियम आहे. प्रवास वगळून तेवढ्या वेळात सुरतला पोचवता येत नसेल तर इथल्याच जवळच्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला तिकडे न्यायची परवानगी, घ्यायचा, म्हणून नवापूर, नंदुरबार, धुळ्याच्या कोर्टात आधी चौकशी करा. घरच्यांना कळवणं आणि कारणं लेखी देणं त्यांनाही चुकत नाही, आणि कारणं गुजरातीत दिली तर आपल्या पोराला वाचता येतात का हा प्रश्न आहेच. सेंधवा, बऱ्हाणपूरकडून मध्यप्रदेश पोलीस आले तरी हेच.

१८. तक्रार नेमकी कुठे करायची? किती दिवसांत?

पहिलं स्टेशनला, घेणार नाहीत हे माहीत असूनही, पोच घ्या. मग एसपींना लेखी, कलम १७३(४). मग मॅजिस्ट्रेटकडे १७५ खाली अर्ज. सरकारी नोकराविरुद्ध असेल तर वरिष्ठांचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याची बाजू बघून मगच तपासाचा हुकूम असं १७५(४) मध्ये आहे, त्यात वेळ जातो.

बाजूने राज्य मानवाधिकार आयोग, मुंबईला. घटनेपासून एक वर्षाच्या आत, साध्या कागदावर, फी नाही. राज्याच्या आणि दिल्लीच्या आयोगाकडे एकदम पाठवू नका, एकाकडे चालू असेल तर दुसरा घेत नाही. आणि पोलीस तक्रार प्राधिकरण, प्रकाश सिंग प्रकरणात २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम सोडून केलेली अटक असल्या तक्रारी त्यांच्याकडे जातात. भरपाई पाहिजे तर हायकोर्टात रिट, १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख दिले तेव्हापासून हा रस्ता पक्का झाला.

उशिराबद्दल एक इशारा: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ पुढे करून "सहा महिने होऊन गेले" असं पोलिसांचे वकील म्हणतात, आणि संहितेच्या कलम २१८ ची सरकारी मंजुरी नाही असंही. मारहाण हे कर्तव्य नव्हे हे त्याचं उत्तर, पण ते भांडून घ्यावं लागतं. सहा महिन्यांच्या आत गेलात तर निम्मं भांडण वाचेल.

१९. "पन्नास हजार द्या, कलम कमी लावतो" म्हणतात. देऊन मोकळं व्हावं का?

१०६४, अँटी करप्शन. पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यावर नाही, सापळा आधी लावावा लागतो. आपले तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्रात येतात. मध्ये जो "ओळखीचा" माणूस असतो, आबा किंवा नाना म्हणून गावभर फिरणारा, तो बोलणी करतोय का तेही सांगा.

२०. पण त्याने खरंच चोरी केलीय. मग मार खाल्ला तर काय झालं?

फिर्यादीकडचे लोक हे विचारतात, आणि राग खोटा नसतो, ज्याच्या विहिरीवरची मोटार ऐन उन्हाळ्यात गेली त्याची बाग जळते. पण शिक्षा कोर्ट देतं. व्यवहाराचं बोलायचं तर, मारून काढलेला तपास कोर्टात टिकत नाही, खरा चोर सुटतो आणि मोटारपण परत येत नाही, अशा फाइली मी स्वतः टाइप केल्यात.

२१. कोठडीत मृत्यू झाला. पोलीस म्हणतात लवकर अंत्यविधी करून टाका.

घाई करू नका, आणि मृतदेह घ्यायच्या आधी वकिलाला बोलवा. कोठडीत मृत्यू, बेपत्ता होणं किंवा बलात्कार, तिन्हीत मॅजिस्ट्रेटची चौकशी कलम १९६(२) प्रमाणे सक्तीची आहे, आणि चौकशीला नातेवाईकांना हजर राहता येतं. मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांत कळवायचं असं १९९३ पासून आहे, पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ शूटिंगही करायचं. दहन केलं की दुसरं पोस्टमॉर्टेम होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

चौकशीचा अहवाल आला तरी गुन्हा आपोआप दाखल होत नाही. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, आणि गुन्हा नोंदवायचा हुकूम त्यांच्या आईला औरंगाबाद खंडपीठाकडून जुलै २०२५ मध्ये मिळवावा लागला.

२२. पोलीस नाही, फॉरेस्टवाल्यांनी नेलंय. त्यांना हे नियम आहेत का?

सातपुड्यातून, यावल-चोपडा-शिरपूर पट्ट्यातून हे येतं. लाकूड, डिंक, शिकार, अतिक्रमण. राज्यघटनेचं कलम २२ सगळ्यांना लागू आहे, वनखात्यालासुद्धा. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ६४ म्हणतं की अटक केल्यावर विनाकारण वेळ न घालवता मॅजिस्ट्रेटकडे किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला न्यायचं. रेंज ऑफिसच्या खोलीत रात्रभर ठेवणं त्यात बसत नाही, तिथे तर बऱ्याचदा लॉकअप नसतं, कॅमेरा नसतो, डायरी नसते.

आणि इथे एक फार मोठा फरक आहे जो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. प्रश्न ९ मधलं कबुलीचं संरक्षण हे पोलिसासमोरच्या कबुलीला आहे. वन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे असं कोर्टांनी धरलेलं आहे, त्यामुळे त्याच्यापुढे दिलेला जबाब आरोपीविरुद्ध वापरला जाऊ शकतो. मारून, धमकावून घेतला असेल तर तो बाद होतो, पण ते आपल्याला दाखवावं लागतं. म्हणजे रेंज ऑफिसला नेलेल्या माणसाने सही करायच्या आधी वकील मागायचा, आणि सही झालीच असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्या दिवशीच सांगायचं की ती कशी घेतली.